कॉर्नियात पेशी लावायच्या, पण कुठल्या थरात?

प्रश्न असा आला आहे: "माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या डोळ्यात तीन वर्षांपूर्वी कामावर कॉस्टिक सोडा उडाला. डावा डोळा चांगला आहे. उजव्याचं एकदा नेत्ररोपण झालं, पण आठ-नऊ महिन्यांत बसवलेला कॉर्नियाही पांढरा पडला. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी लावून कॉर्निया बरा करतात असं वाचनात आलं. त्याला हे चालेल का? आईच्या कॉर्नियालाही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज आली आहे, ती उतरत नाही. दोघांचं एकदमच करून घेता येईल का?"

वाचलेलं खरं आहे. पण दोघांचं एकदम होणार नाही, आणि एका पद्धतीने तर नाहीच. भावाच्या डोळ्यात ज्या पेशी संपल्या आहेत त्या आईच्या डोळ्यात शाबूत आहेत. आईच्या ज्या संपत आल्यात त्या निराळ्याच थरातल्या. 'स्टेम सेलने दृष्टी परत' अशा मथळ्याखाली या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. मग ओपीडीत काही माणसं भलती आशा घेऊन येतात, आणि काही जण ज्यांना खरोखर फायदा झाला असता ते आशा सोडून घरी बसतात. बावीस वर्षं मी कॉर्नियाचंच काम करतोय. 'ही ट्रीटमेंट तुमच्याकडे आहे का' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, 'कुठला थर गेलाय ते कुणी सांगितलंय का?' बहुतेकांना सांगितलेलं नसतं.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढची काच. बोलताना आपण बुबुळ म्हणतो, पण त्यात मागचा काळा-तपकिरी पडदाही (आयरिस) येतो, म्हणून इथे कॉर्नियाच म्हणू. मध्यभागी याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. सगळ्यात वर एपिथेलियम, पाच-सात पेशींचं पातळ आवरण. मध्ये स्ट्रोमा, म्हणजे शिस्तीत रचलेले कोलेजनचे तंतू; कॉर्नियाची ९० टक्के जाडी यांचीच. आणि सगळ्यात आत एन्डोथेलियम, फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर. दोन पातळ पडदे आणखी आहेत, पण आज त्यांचं काम नाही. वरचं आवरण गेलं तर पृष्ठभाग बिघडतो, मधला थर बिघडला तर डाग राहतो (ज्याला आपण 'फूल पडलं' म्हणतो), आणि आतलं अस्तर गेलं तर पाणी भरतं. दिसायला तिन्ही डोळे पांढरेच.

आता भावाचं.

वरचं आवरण सारखं झिजत असतं आणि साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण नवं होतं. डोळ्यात कचरा जाऊन ओरखडा उठला तर दोन दिवसांत बरं वाटतं ते यामुळेच. हा नवा माल येतो कुठून, हे बरीच वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. १९७१ मध्ये दावांगर आणि एव्हेन्सन यांनी कॉर्नियाच्या कडेकडे बोट दाखवलं. काळा भाग संपून पांढरा सुरू होतो ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची गोल पट्टी, लिंबस. १९८९ मध्ये कोत्सारेलिस, सुन आणि लावकर यांनी उंदरांच्या डोळ्यात तिथेच संथ विभागणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) असल्याचं दाखवलं. या मूळ पेशी स्वतः जागा सोडत नाहीत. त्यांची पिल्लावळ कडेकडून मध्याकडे सरकत राहते, वर चढते आणि शेवटी अश्रूंबरोबर वाहून जाते.

लिंबसचं दुसरं काम कुंपणाचं. पांढऱ्या भागावरचं रक्तवाहिन्यांचं आवरण कॉर्नियावर चढू नये म्हणून ते राखण करतं. कॉस्टिक सोडा, चुना, अमोनिया यांसारखे अल्कली डोळ्यात गेले की पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत खोल उतरतात. आम्ल बहुतेकदा वरची प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरानेच स्वतःला अडवतं. अल्कलीला तसा अडथळा होत नाही. त्यात लिंबस जळला की कुंपण जातं आणि रोपवाटिकाही जाते. पांढऱ्यावरचं आवरण रक्तवाहिन्यांसकट काचेवर चढतं. डोळा लाल राहतो, उजेड सोसत नाही, वरचेवर जखम होते. याला आम्ही लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सी म्हणतो. रासायनिक इजेखेरीज स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घालणं, जन्मतःच आयरिस नसणं ही त्याची आणखी कारणं.

यावरून पहिलं नेत्ररोपण का फसलं असावं ते लक्षात येईल. तुमच्याकडचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण अशा डोळ्यांची कथा सहसा एकच असते. नेत्ररोपणात आपण मधली साधारण आठ मिलिमीटरची चकती बदलतो. कडेचा लिंबस रुग्णाचाच राहतो. दात्याच्या चकतीवरचं आवरण काही आठवडे-महिने टिकतं, मग झिजतं आणि त्या जागी रुग्णाच्या लिंबसने नवं आवरण पाठवायला हवं. लिंबसच नसेल तर पांढऱ्यावरचं आवरण पुन्हा चढतं, त्यामागून रक्तवाहिन्या, आणि रक्तवाहिन्यांवाटे परक्या ऊतीला नाकारणाऱ्या पेशीही येतात. सर्जनचा हात चुकला असेलच असं नाही. क्रम चुकला.

हा क्रम मीही चुकवला आहे. शिकाऊपणाच्या शेवटच्या वर्षी मी एका जळलेल्या डोळ्यावर सुंदर रोपण केलं. टाके इतके सारखे बसले होते की वरिष्ठांनी इतरांना बोलावून दाखवले. चार महिन्यांनी कडेने लाल बारीक रेघा आत यायला लागल्या तेव्हा मी स्टिरॉइडचे थेंब वाढवत बसलो. वर्षाच्या आत डोळा पूर्वीपेक्षा वाईट झाला. सुंदर टाक्यांचं कौतुक तेव्हापासून मला फारसं वाटत नाही.

गंमत बघा, माणसातलं पहिलं यशस्वी नेत्ररोपण झालं तेही चुन्याने जळलेल्या डोळ्यांवरच. ७ डिसेंबर १९०५, मोराव्हियातल्या ओलोमौत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी एका शेतमजुराच्या दोन्ही डोळ्यांवर ते केलं. एक डोळा स्वच्छ राहिला, दुसरा राहिला नाही.

पेशी वाढवण्याची युक्ती मुळात डोळ्यासाठी शोधलेली नाही. १९७५ मध्ये राइनवॉल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची रीत बसवली. बशीच्या तळाशी उंदराच्या पेशींचा एक थर अंथरायचा. त्यांना आधी किरणोत्साराने असं करून ठेवायचं की त्या जगतील पण वाढणार नाहीत. वर पेरलेल्या माणसाच्या पेशी त्यांच्या आधाराने वाढतात. पुढे भाजलेल्या रुग्णांना अशी कातडी लावून जीव वाचवले गेले. तीच रीत कॉर्नियाकडे आणली इटलीतल्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी. १९९७ मध्ये त्यांनी दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली: चांगल्या डोळ्याच्या लिंबसमधून एक-दोन चौरस मिलिमीटरचा तुकडा, त्यापासून वाढवलेलं आवरण, आणि ते जळलेल्या डोळ्यावर.

२०१० मध्ये त्याच गटाने ११२ रुग्णांचा अहवाल दिला. ७६.६ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग कायमचा पूर्ववत झाला. काहींचा पाठपुरावा १० वर्षांपर्यंतचा. पण त्या अहवालातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट या टक्केवारीत नाही. वाढवलेल्या पेशींमध्ये खऱ्या मूळ पेशी किती, हे त्यांनी पी-६३ नावाचं प्रथिन रंगवून मोजलं. पी-६३ ठळक दिसणाऱ्या पेशी ३ टक्क्यांपेक्षा जास्त होत्या तिथे यश ७८ टक्के. ३ टक्के किंवा त्याखाली होत्या तिथे ११ टक्के. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही बश्या सारख्याच भरलेल्या दिसतात, सारख्याच चकचकीत. एकीत बी आहे, दुसरीत नुसती पानं. म्हणून कुणी 'आम्ही लाखो पेशी वाढवतो' असं सांगितलं तर त्या लाखाला काही अर्थ नाही. त्यात टिकणाऱ्या किती आणि त्या मोजल्या कशा, हे विचारावं.

याच कामातून निघालेल्या होलोक्लार या उपचाराला २०१५ मध्ये युरोपात सशर्त मान्यता मिळाली. मूळ पेशींवर आधारलेला तिथला तो पहिला मान्यताप्राप्त उपचार. जपानने २०२० मध्ये नेपिक नावाच्या तशाच उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत बॉस्टनमध्ये उला युर्कुनास यांच्या गटाने २०१८ पासून केलेल्या चाचणीचा निकाल मार्च २०२५ मध्ये आला. १४ रुग्ण, पूर्ण यश ३ महिन्यांनी ५० टक्के, १२ महिन्यांनी ७९, १८ महिन्यांनी ७७. अंशतः यश धरलं तर १८ महिन्यांनी ९२ टक्के.

हे आकडे वाचताना एका शब्दावर थांबा. 'यश' म्हणजे काय? या सगळ्या अभ्यासांत यश म्हणजे मुख्यतः पृष्ठभाग भरून आला, जखम राहिली नाही, रक्तवाहिन्या परत चढल्या नाहीत. तक्त्यावरच्या किती ओळी वाचता आल्या हा वेगळा रकाना आहे. तुमच्या भावाच्या स्ट्रोमात खोल डाग असेल तर आवरण उत्तम लागूनही त्याला धूसरच दिसेल. त्यासाठी पुढे, आवरण स्थिरावल्यावर, पुन्हा नेत्ररोपण लागू शकतं. यावेळी ते टिकण्याची शक्यता मात्र बरीच जास्त असते, कारण कडेने आता योग्य पेशी येत असतात. मी रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो: पहिलं ऑपरेशन डोळा शांत करण्यासाठी आहे, दिसण्यासाठी नाही. पुष्कळांचा चेहरा पडतो. पण सहा महिन्यांनी तोच माणूस भर दुपारी गॉगल न लावता येतो, तेव्हा त्यालाही कळतं की तेवढंसुद्धा थोडं नव्हतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण रुग्णाच्या डोक्यात याचं चित्र भलतंच मोठं असतं. चांगल्या डोळ्यात भूल देऊन लिंबसचा बारीक तुकडा काढतात. काही मिनिटांचं काम. तो तुकडा निर्जंतुक द्रवात घालून प्रयोगशाळेत जातो आणि दोन-तीन आठवडे वाढतो. रोज माध्यम बदलायचं, जंतूंची चाचणी करायची, पेशींचं रूप तपासायचं. कधी कधी वाढच धरत नाही, मग सगळं पहिल्यापासून. ऑपरेशनच्या दिवशी जळलेल्या डोळ्यावर चढलेला लाल पापुद्रा सोलून काढतात. खरी कसरत ही आहे. रक्त येतं, खालचा कॉर्निया कुठे पातळ झालाय याचा अंदाज घेत हळूहळू जावं लागतं. त्यामानाने पेशींची चादर अंथरणं सोपं. ती फायब्रिनवर (रक्त गोठताना बनणारं प्रथिन) किंवा वारेच्या आतल्या पडद्यावर वाढवलेली असते; डिंकासारख्या फायब्रिन ग्लूने चिकटवायची, वर संरक्षक लेन्स. मग महिनोन् महिने थेंब.

आता माझं मत. तुमच्या भावासारख्या रुग्णाला, म्हणजे एक डोळा गेला आणि दुसरा खरंच निरोगी, प्रयोगशाळेची गरज पडेलच असं नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून वारेच्या पडद्यावर पेशी वाढवून लावत होते, तेही उंदराच्या पेशी किंवा प्राण्यांचं कुठलंही द्रव्य न वापरता. २०० रुग्णांच्या त्यांच्या अहवालात यश ७१ टक्के होतं. मग त्याच संस्थेतल्या वीरेंद्र संगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साधा प्रश्न विचारला: पेशींना वाढायला ऊब, पोषण आणि अंथरूण हवं, मग डोळाच त्यांची प्रयोगशाळा का होऊ नये? चांगल्या डोळ्यातून दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे, जळलेल्या कॉर्नियावर वारेचा पडदा चिकटवून त्यावर ते कण रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडायचे, ग्लू, लेन्स, झालं. एकाच बैठकीत. ठिपक्यांमधून पेशी पसरतात आणि काही आठवड्यांत एकमेकींना भेटतात. याला स्लेट (सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन) म्हणतात. २०१६ मध्ये १२५ रुग्णांचा निकाल आला, यश ७६ टक्के. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या जवळपास बरोबरीने, आणि मधली प्रयोगशाळा वजा.

ही गोष्ट मथळ्यात येत नाही, कारण 'प्रयोगशाळेत घडवलेला डोळा' हे ऐकायला भारी वाटतं. मी स्वतः दोन्ही प्रकार केले आहेत. चांगला डोळा हाताशी असेल तर माझी पहिली पसंती स्लेटला. प्रयोगशाळेचा फायदा आहे तो असा की चांगल्या डोळ्यातून आणखी लहान तुकडा पुरतो, पहिला प्रयत्न फसला तर साठवलेल्या पेशी पुन्हा वापरता येऊ शकतात, आणि लावण्याआधी पेशींचा दर्जा तपासता येतो. चांगल्या डोळ्याचा लिंबसही थोडा अशक्त असेल तर हा फरक मोठा. एरवी नाही.

दोन्ही डोळे जळलेले असतील तर हिशेब बदलतो, कारण स्वतःचं बी उरलेलं नसतं. नातेवाइकाचा किंवा मृत दात्याचा लिंबस लावता येतो, पण मग परक्या पेशी टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, आणि त्या मूत्रपिंड-यकृताशी खेळतात. दुसरी वाट गालाच्या आतल्या आवरणाची. २००४ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या कोहजी निशिदा यांनी चार रुग्णांना त्यांच्याच तोंडातल्या पेशींची चादर लावली. त्यांची बशी मोठी नामी होती: तापमान उतरवलं की पृष्ठभागाचा स्वभाव बदलतो आणि पेशींची अखंड चादर आपोआप सुटून येते, खरवडायला लागत नाही. तोंडातली चादर डोळ्यात जगते, पण हट्टाने थोडी तोंडासारखीच राहते. जाडसर असते, कडेने रक्तवाहिन्या येतात. तरी उघड्या जखमेपेक्षा शंभर पटीने बरी.

निशिदा यांचाच गट पुढे आयपीएस पेशींकडे वळला. प्रौढ पेशीला मागे नेऊन (तीच आयपीएस पेशी) पुन्हा कुठल्याही प्रकारची बनवता येते, हे जपानच्याच शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात दाखवलं होतं. जुलै २०१९ मध्ये ओसाकात आयपीएसपासून बनवलेलं कॉर्नियाचं आवरण पहिल्यांदा रुग्णाला लावलं गेलं. चार रुग्णांचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला: दोन वर्षांत गाठ किंवा गंभीर दुष्परिणाम नाही, चौघांच्याही पृष्ठभागात सुधारणा, तिघांची दृष्टी टिकून सुधारली. चार म्हणजे चारच. पुढच्या दहा वर्षांत मला सगळ्यात जास्त उत्सुकता याची आहे, पण तुमच्या भावाला ते लागणार नाही.

पेशी कुठल्याही लावा, जमीन तयार नसेल तर त्या मरतात. नव्या डॉक्टरांना हे पटायला वेळ लागतो. पापणी नीट मिटत नसेल, पापणीचे केस आत वळून कॉर्नियाला घासत असतील, डोळा कोरडा ठणठणीत असेल किंवा सूज धगधगत असेल, तर आधी ते. पापणीच्या दुरुस्तीसाठीच एक-दोन ऑपरेशनं आणि सहा महिने जातात, रुग्ण वैतागतो, 'पेशी कधी लावणार' म्हणून दर वेळी विचारतो. मी घाई करत नाही. अल्कलीच्या इजेनंतर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होणंही फार आढळतं. तो मागे नस खात राहतो आणि पुढे पांढरं असल्यामुळे दिसत नाही. म्हणून पेशींच्या चर्चेआधी भावाच्या उजव्या डोळ्याचा दाब, सोनोग्राफी आणि उजेड कुठल्या दिशेने येतोय हे त्याला ओळखता येतं का, एवढं करून घ्या. चारही दिशांनी उजेड ओळखत नसेल, तर पुढची काच कितीही स्वच्छ केली तरी मागे बघणारं कोणी नाही.

आता आई.

आईच्या डोळ्यातला बिघाड आतल्या अस्तराचा. या पेशी कॉर्नियात झिरपणारं पाणी चोवीस तास बाहेर उपसतात. त्यांची अडचण अशी की माणसात त्या पुन्हा वाढत नाहीत. जन्माला जेवढ्या घेऊन आलो तेवढ्यांवर आयुष्य काढायचं. तरुण वयात चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार असतात, वर्षाला साधारण अर्धा टक्का कमी होतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये काही जातात, आधीच कमी असतील किंवा ऑपरेशन अवघड गेलं तर बऱ्याच. पाचशेच्या आसपास आल्या की उपसा कमी पडतो, कॉर्निया सुजतो, फोड येतात. सकाळी उठल्यावर जास्त धूसर आणि दुपारपर्यंत थोडं उघडतं असं आई सांगत असेल तर हेच.

इथेही पेशी वाढवल्या जातात, पण तंत्र पूर्ण वेगळं. क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या कॉर्नियातल्या अस्तराच्या पेशी वाढवल्या आणि रॉक इनहिबिटर या औषधात मिसळून, दहा लाख पेशी सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडल्या. मग रुग्णाला तीन तास पालथं झोपवायचं, म्हणजे पेशी गुरुत्वाकर्षणाने कॉर्नियाच्या आतल्या बाजूवर जाऊन बसतात. इतकी साधी युक्ती! रॉक इनहिबिटरमुळे त्या तिथे चिकटून राहतात. २०१८ मध्ये ११ रुग्णांचा निकाल आला. सहा महिन्यांनी सगळ्यांची संख्या पाचशेच्या वर होती, दहा जणांची हजाराच्या वर; नऊ जणांची दृष्टी दोन किंवा जास्त ओळींनी सुधारली. मार्च २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली.

मला याचं आकर्षण वेगळ्या कारणासाठी आहे. २०१२ ची परिस्थिती मोजणाऱ्या एका जागतिक पाहणीत असं निघालं की ७० जणांना कॉर्निया हवा असेल तर एकच उपलब्ध होतो आणि सव्वा कोटीहून अधिक माणसं थांबलेली आहेत. एका दात्याच्या अस्तराच्या पेशी वाढवून शंभरावर डोळ्यांना पुरू शकतात. हे गणित खरोखर बदलणारं आहे.

पण आईसाठी याची वाट बघत बसू नका. अस्तर बदलण्याची चांगली शस्त्रक्रिया आधीच आहे. डीमेक, २००६ मध्ये गेरिट मेलेस यांनी आणलेली: दात्याचं फक्त आतलं अस्तर गुंडाळी करून डोळ्यात सोडायचं, उलगडायचं आणि हवेच्या बुडबुड्याने वर चिकटवायचं. तिलाही नंतर काही वेळ उताणं, छताकडे बघत पडून राहावं लागेल; जपानी पद्धतीच्या बरोबर उलट. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मधल्या थरात कायमचा डाग धरतो आणि मग नुसतं अस्तर बदलून भागत नाही. थांबण्याचा तोटा हा असा आहे.

एक इशारा, कारण दोघांसाठीही तुम्हाला कुणीतरी फोन करेल. पोटाच्या चरबीतून 'स्टेम सेल' काढून इंजेक्शन देणारी केंद्रं बऱ्याच देशांत आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशाच एका ठिकाणी तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी चरबीतल्या पेशी सोडल्या. तिघींची नजर गेली. त्यांचा आजार डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) होता, कॉर्नियाचा नाही, पण धंद्याची रीत तीच. चरबीतली पेशी लिंबसची होत नाही आणि अस्तराचीही होत नाही. दोन्ही डोळे एका दिवशी करू म्हणणाऱ्याकडून, आणि 'गुडघा, केस आणि डोळे' एकाच पत्रकात छापणाऱ्याकडून उठून यावं.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण भाऊ नक्की विचारेल: चांगल्या डोळ्याला हात लावायचा, तोही गेला तर? ही भीती रास्त आहे आणि ती घालवायला मी बराच वेळ देतो. लिंबसचा घेर घड्याळाच्या बारा तासांत मोजला तर आपण एका तासाइतकाही भाग घेत नाही, आणि तो पापणीखाली वरच्या बाजूला घेतो. जखम आठवडा-पंधरा दिवसांत भरते. मात्र त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रसायन उडतं तेव्हा सहसा दोन्ही डोळ्यांत जातं. जास्त जळलेल्या डोळ्याच्या गडबडीत दुसऱ्याकडे कोणी नीट बघत नाही. 'डावा चांगला आहे' म्हणजे त्याला डाव्याने चांगलं दिसतं, एवढंच. तपासणीला जाल तेव्हा डाव्या डोळ्यात फ्लुरोसीनचा पिवळा थेंब घालून निळ्या उजेडात लिंबस चहूबाजूंनी, वरची पापणी उचलून, तपासायला सांगा. कुठे रंग भोवऱ्यासारखा धरत असेल तर त्या बाजूने तुकडा घ्यायचा नाही. अशा वेळी मी स्लेट बाजूला ठेवतो आणि प्रयोगशाळेला फोन करतो.